एकजीवचा खलबत्ता

रंगाच्या दुकानातला तो माणूस बायकोला रोज सकाळी दुधातून थोडं थोडं विष पाजतो, अशी कुजबुज त्या इमारतीत निघाली. निघाली ती जिना उतरून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे गेली आणि तिथून कडक घडी होऊन घरोघर पोचली. विष कुठलं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण रंगाच्या दुकानात काम करणाऱ्याला विष शोधायला लांब जावं लागत नाही, एवढं शहाणपण प्रत्येकाकडे होतं. त्यातून दुकानाच्या गल्ल्यावर बसणारी बाई हसतमुख. याहून जास्त पुरावा मागणारा माणूस एक तर मूर्ख असतो, नाही तर न्यायाधीश.

ज्याच्यावर हा आळ आला त्याचं खरं नाव कधीच मागे पडलं होतं. तोंडावर त्याला सगळे 'एकजीव काका' म्हणत, पाठीमागे नुसतं 'एकजीव'. तो शब्द त्याच्या जिभेवर कायमचा वस्तीला होता. डब्यात काठी घालून रंग ढवळताना तो गिऱ्हाइकाला बजावायचा, "वरवर ढवळू नका. तळापासून. एकजीव झालं पाहिजे." घरी आमटी ढवळतानाही तेच, खतात माती मिसळतानाही तेच. लग्नाच्या दिवशीही म्हणाला असेल, नाही असं नाही.

दुकानात शेठनी छटा काढणारं यंत्र आणून ठेवलं होतं. बटण दाबलं की थेंब थेंब रंग पडे, डबा गदगदा हले आणि ठरलेली छटा हजर. पण कोणी भिंतीचा टवका कागदात गुंडाळून आणला आणि "अगदी हाच रंग पाहिजे, उरलेल्या भिंतीला," असं म्हणाला, की शेठ यंत्राकडे न बघता आत हाक मारत. एकजीव बाहेर यायचा, टवका दारात उजेडाला धरायचा आणि म्हणायचा, "ही भिंत पश्चिमेकडची. बरीच वर्षं ऊन खाल्लंय हिने. यंत्राला काय कळतंय, ही लग्नात कशी दिसत होती ते." मग पांढऱ्यात चिमूटभर पिवळा, पिवळ्यात काळ्याचं नुसतं दर्शन, झाकणावर एक ठिपका, त्यावर फुंकर, आणि वाळलेला ठिपका टवक्यावर ठेवला की कुठला जुना, कुठला नवा, ओळखू यायचं नाही. अशा माणसाला गर्व असायचाच. फक्त तो दुकानातच ठेवून घरी जावं, एवढं त्याला जमलं नाही.

त्याच्या डोक्यावरच्या फळीवर एक डबा कायम ठेवलेला असे. कोणा एका गृहस्थाने घरी उरलेला तेलाचा पांढरा आणि पाण्याचा पांढरा एकाच डब्यात ओतले होते. म्हणे, दोन्ही पांढरेच की! त्या डब्यात वर तेल, खाली पाणी आणि मधे गुठळ्या. एकजीवने तो डबा मागून घेतला होता आणि येईल त्याला झाकण उघडून दाखवायचा. "बघा. दोघेही चांगल्या घरचे. पण एका डब्यात नांदत नाहीत. फाटतात." हे ज्ञान तो फुकट वाटायचा. स्वतःसाठी मात्र त्याने थोडंसुद्धा शिल्लक ठेवलं नव्हतं.

आता बायको. ती होती बस स्थानकावरची घोषणावाली. सगळ्या गावाने आयुष्यभर तिच्या आवाजावर गाड्या पकडल्या आणि चुकवल्या. ठणठणीत आवाज, शब्द न् शब्द सुटा. निवृत्त झाल्यावर लाउडस्पीकर तिथेच राहिला, आवाज घरी आला. आणि ऐकायला प्रवासी एकच.

"ओला टॉवेल गादीवर आलेला आहे. संबंधितांनी तो ताबडतोब उचलावा."

"दूध आणायला गेलेले गृहस्थ अनिश्चित काळासाठी उशिराने धावत आहेत."

एकजीव हे ऐकून हूं की चूं करायचा नाही. टॉवेल उचलायचा. पण दुकानात गल्ल्यावरच्या बाईला रोज नवीन घोषणा रंगवून सांगायचा, आणि ती बाई पोट धरून हसायची. ते हसणं रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसायचं. घोषणा दिसायची नाही. गैरसमजाला एवढी सामग्री पुरते.

घोषणावालीला थायरॉइडचा त्रास जुना. त्याची एक चिमुकली गोळी ती कित्येक वर्षं सकाळी उठल्या उठल्या पाण्याबरोबर घ्यायची आणि विसरून जायची. सगळं सुरळीत होतं. मग ती न्हाणीघरात घसरली आणि मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी मनगट जोडलं आणि हाडं ठिसूळ झालीत म्हणून कॅल्शियमच्या मोठाल्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी रक्त कमी म्हणून लोहाच्या दिल्या. इथवर ठीक होतं. पण घरात आजारी माणूस आहे म्हटलं की न शिकलेले डॉक्टर शिकलेल्यांच्या आधी येतात. बागेतल्या बाकावर सकाळी बसणारे एक निवृत्त बँकवाले होते. त्यांनी पायात गोळे येतात हे ऐकताच मॅग्नेशियम सांगितलं. आणि खुद्द शेठनी जस्ताची बाटली आणून दिली. शेठचं शास्त्र दुकानातलंच होतं. "आपण लोखंडी गजांना आधी काय मारतो? झिंकचा हात! गंज धरतो का? मग माणसाला कसा धरेल?"

असं करता करता जेवणाच्या टेबलावर बाटल्यांची रांग लागली. घोषणावाली ती रांग बघून वैतागली.

"अहो, मी माणूस आहे का गोदाम? ही आत्ता, ती मग, ती जेवल्यावर! दिवसभर गिळतच बसू का? सगळं एकदाच काय ते द्या आणि मोकळे व्हा."

ती नेहमीसारखी बोलली होती, पण एकजीवला त्यात हुकूम ऐकू आला. आणि हुकूमही कसा, तर त्याच्या धंद्यातला! त्याने माळ्यावरून दगडी खलबत्ता काढला, धुतला, पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बाटल्यांतली एकेक गोळी त्यात पडली. मोठ्या, छोट्या, गुलाबी, चॉकलेटी आणि ती चिमुकलीसुद्धा. दुकानात भिंतीसाठी जितक्या मनापासून खपायचा तितक्याच मनापासून त्याने ते कुटलं. पूड मलमलीच्या फडक्यातून चाळली, कोमट दुधात घातली आणि चमच्याने तळापासून ढवळली. थायरॉइडची गोळी उपाशी पोटी घ्यायची असते हे डॉक्टरांनी सांगितलेलं त्याला नीट आठवत होतं. म्हणून सगळंच उपाशी पोटी. आज्ञाधारक माणसाच्या हातून जितकं वाटोळं होतं तितकं बंडखोराच्या हातूनही होत नाही.

"हे काय?" एक घोट घेऊन तिने तोंड वाकडं केलं. "चुना पाजताय का मला?"

"जवळजवळ चुनाच आहे," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "डोळे मिटून पिऊन टाक. हळूहळू गुण येईल."

आता गंमत बघा. या घराच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि समोरच्या घराच्या स्वयंपाकघराची खिडकी एकाच अरुंद चौकात उघडायची. मधे हवा आणि कबुतरं. समोर राहायची ती बाई इमारतीत 'दुर्बीण' म्हणून ओळखली जाई. तिचा स्वभाव वाईट नव्हता. तिला फक्त सगळं माहीत असायला हवं असे, आणि जे माहीत नसे ते ती स्वतः तयार करी. तिने त्या सकाळी भांडी घासता घासता काय पाहिलं? नवरा दगडाने काहीतरी कुटतोय. बायको म्हणतेय चुना पाजताय का. नवरा म्हणतोय, चुनाच आहे, डोळे मिट, हळूहळू गुण येईल. दुर्बिणीच्या हातून वाटी निसटली. आयुष्यभर समोरच्या खिडकीकडे बघत काढल्याचं सार्थक झालं.

पुढच्या काही महिन्यांत जे झालं त्याने दुर्बिणीची बाजू भक्कम केली. घोषणावाली मंदावली. आधी तिला थंडी वाजू लागली. बाकीचे पंखा लावत, ती शाल ओढी. मग झोप. बसल्या जागी डोळे मिटत. चेहरा सुजल्यासारखा झाला, केस कंगव्यात येऊ लागले. आणि शेवटी आवाज गेला. म्हणजे पूर्ण गेला नाही, पण घोगरा, जड आणि इतका सावकाश झाला की एक वाक्य संपेपर्यंत चहा निवायचा. एकदा ओला टॉवेल दिवसभर गादीवर पडून राहिला. एकजीव संध्याकाळी दुकानातून आला, टॉवेल बघितला आणि कानोसा घेत उभा राहिला. घोषणा काही आली नाही. तिने एकदा टॉवेलाकडे बघितलं आणि कूस बदलली.

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम चपला घालून स्वयंपाकघरात गेला. चमचा आपटला. नळ चालू ठेवला. काही म्हणजे काही नाही. बायकोची कटकट बंद व्हावी म्हणून देव पाण्यात घालून बसणारे नवरे पुष्कळ. ती सुरू व्हावी म्हणून नळ वाहता ठेवणारा हा एकटाच.

डॉक्टरांकडे नेली नाही असं नाही. रक्त तपासलं. थायरॉइड बिघडलेलं.

"गोळी चुकते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकही नाही. माझ्या हाताने देतो."

"उपाशी पोटी?"

"उपाशी पोटीच."

"दुसरं काही औषध चालू आहे?"

"औषध काही नाही," एकजीव म्हणाला. "बाकी ताकदीचं काय देतो तेवढंच."

डॉक्टरांच्या दाराबाहेर गर्दी होती, आणि ताकदीचं म्हणजे त्यांना बदाम वाटले असतील. त्यांनी चिमुकल्या गोळीची ताकद वाढवली. एकजीवने वाढीव गोळी आणली आणि तीही इमानेइतबारे खलबत्त्यात घातली. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच, पुन्हा वाढवली. आणि ती अशक्त होतेय असं बघून एकजीवने स्वतःच्या अकलेने कॅल्शियमची एक गोळी जादा टाकायला सुरुवात केली. रंग फिका पडला तर पूड वाढवायची, हे तर शेंबडं पोरही सांगेल.

अशात घोषणावालीचा धाकटा भाऊ आला. हा एका वकिलाच्या ऑफिसात कारकून होता. त्यामुळे कायदा अर्धा आणि दरारा दुप्पट. बोलावलं कोणी, हे विचारायची गरज नाही; दुर्बिणीचा फोन चालू होता. आला, बहिणीची अवस्था बघितली आणि बाहेरच्या खोलीत पाय फाकून उभा राहिला.

"भाऊजी, ताईला मी परवा घेऊन जातोय."

"कुठे?"

"माझ्या घरी. कायमची."

"अरे, पण का?"

"ते तुम्हीच तुमच्या मनाला विचारा. कागदावर यायच्या आत सुटता आहात, हे नशीब समजा."

एकजीवला यातलं काहीच उमगलं नाही. त्याने आतल्या खोलीत जाऊन बायकोला विचारलं, "जाणार तू?"

"इथे राहून तरी काय," ती जड जिभेने म्हणाली. "तुम्हाला त्रासच."

वीस माणसांनी खुनी म्हटलं असतं तरी त्याला एवढं लागलं नसतं. ज्या बाईने अख्ख्या गावाला रांगेत उभं केलं ती म्हणतेय, तुम्हाला त्रास! ती जाणार, आणि आपल्याला त्रास नको म्हणून जाणार. मग या घरात टॉवेल कुठेही पडला तरी काय फरक पडतो? तो रात्रभर त्याच एका विचाराला ढवळत राहिला. एकजीव काही होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे निघण्याच्या आदल्या दिवशी, त्याने ठरवलं की आज पूड अगदी मऊसूत करायची. ओट्यापाशी गेला. खलबत्ता गायब.

त्याचं असं झालं होतं. दुर्बीण आदल्या संध्याकाळी, तो दुकानात असताना, "जरा खलबत्ता द्या हो, मिरी कुटायचीत," म्हणून आली होती आणि अंथरुणावरून घोषणावालीने नुसता हात हलवून "न्या" म्हटलं होतं. खलबत्ता तसाच होता, धुतलेला नव्हता. खोबणीत पांढरी पूड. दुर्बिणीने तो पदराखाली धरून नेला, प्लॅस्टिकमध्ये बांधला आणि मेव्हण्याला दाखवला. मेव्हण्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, "हात लावू नका. हा मुद्देमाल आहे."

एकजीवने समोरचं दार वाजवलं. दुर्बिणीचा नवरा बाहेर आला. हा माणूस सत्य बोलायचा, कारण खोटं बोलायची त्याच्यावर घरात कधी पाळीच आली नव्हती.

"खलबत्ता? तो घेऊन ही गेली मेडिकलमध्ये. तुमचा मेव्हणाही आहे. विष तपासायला."

"कसलं विष?"

"तुम्ही वहिनींना देता ते," नवरा सहज म्हणाला. आणि मग त्याला वाटलं, काहीतरी चुकलं. "म्हणजे, देत नसालही."

तेव्हा कुठे एकजीवला कळलं की महिनोन्महिने इस्त्रीवाला आपल्याकडे असा का बघतो. तो तसाच, घरच्या चपलांत, मेडिकलकडे धावला.

औषधाच्या दुकानात सकाळची गर्दी होती. काउंटरवर मधोमध खलबत्ता, आणि त्याभोवती माणसं अशी उभी की जणू आत साप आहे. मेडिकलवाला, म्हणजे चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा एक वैतागलेला मनुष्य, दोन्ही हात वर करून सांगत होता, "बाई, हे औषधाचं दुकान आहे. प्रयोगशाळा नाही. मी हुंगून काय सांगू?"

"हुंगा तर खरं!"

"आणि विष असलं तर? मी पडलो तर दुकान तुम्ही चालवाल?"

"पंचांसमक्ष हुंगा," मेव्हणा म्हणाला.

तेवढ्यात एकजीव धापा टाकत पोचला. गर्दी दुभंगली. दुर्बीण दोन पावलं मागे सरली, पण तोंड पुढेच राहिलं.

"आले! विचारा यांनाच. काय आहे यात?"

"गोळ्या आहेत," एकजीव म्हणाला. "हिच्याच. आणि खलबत्ता द्या आधी, तिची वेळ टळली."

"कुठल्या गोळ्या?" मेडिकलवाल्याने विचारलं.

धंद्यातला प्रश्न आल्यावर एकजीवची भीड चेपली. त्याने ताठ मानेने कृती सांगितली, शेठ एखाद्या बिल्डरला सांगतात तशी. कॅल्शियमच्या दोन, आधी एक होती, मग वाढवली. लोहाची एक. मॅग्नेशियम. जस्त. आणि थायरॉइडची. बारीक कुटून, मलमलीतून चाळून, कोमट दुधात. तळापासून ढवळून. "कण लागत नाही जिभेला," तो म्हणाला. "एकजीव."

मेडिकलवाला हसायला लागला. हसता हसता त्याचा चष्मा कपाळावरून नाकावर घसरला, त्याला एकजीवचा चेहरा नीट दिसला आणि तो हसायचा थांबला.

"सगळं एकदम? थायरॉइडचीसुद्धा? त्यातच?"

"उपाशी पोटी," एकजीवने बचाव केला. "सांगितलं तसं. एक दिवस चुकवली नाही."

"काका, एक दिवस चुकवली असती तर बरं झालं असतं! म्हणजे तसं नाही. पण ऐका." त्याने कोपरं काउंटरवर टेकली. "ती गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते. एकटीने. कॅल्शियम किंवा लोह सोबत असलं की ते तिला पोटात धरून ठेवतात, रक्तात जाऊच देत नाहीत. मॅग्नेशियमचंही तेच. वर दूध. मधे चारेक तास तरी अंतर हवं. लोह आणि कॅल्शियमसुद्धा एकत्र देत नाहीत. एक दुसऱ्याच्या वाटेत येतं. आणि काही गोळ्यांवर कवच मुद्दाम दिलेलं असतं, त्या कुटायच्या नसतात. तुम्ही रोज गोळी दिलीत, खरं. पण ती काकूंना पोचलीच नाही."

"पण सगळं चांगलंच आहे ना?" एकजीव हळूच म्हणाला. "यात वाईट एकही नाही."

"वाईट एकही नाही. सगळे चांगलेच आहेत."

एकजीवला दुकानातली आपल्या डोक्यावरची फळी दिसली, फळीवरचा डबा दिसला, झाकण उघडलेलं दिसलं. वर तेल, खाली पाणी, मधे गुठळ्या. किती जणांना दाखवला होता तो डबा!

"म्हणजे फाटतं," तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही. आत फाटतं. वरून दिसत नाही."

एवढ्यावर थांबणं अर्थात दुर्बिणीला सोसलं नाही. "म्हणजे विष नाही?" तिने विचारलं, आणि तिच्या आवाजात जी निराशा होती ती एखाद्याच्या जिवंत असण्याबद्दल सहसा कोणी दाखवत नाही.

"विष नाही," मेडिकलवाला म्हणाला. "पण तुम्ही आणलंत हे फार बरं केलंत."

हे एक वाक्य त्याने बोलायला नको होतं. त्या दिवसापासून ती 'मी वाचवलं' ही कथा सांगते, आणि खोटं बोलते असंही म्हणता येत नाही. नको तिथे नाक खुपसणाऱ्या बाईचं नाक एकदा बरोबर जागी खुपसलं गेलं, की इमारतीला पुढची दहा वर्षं तिच्यापासून सुटका नसते.

मेव्हण्याला मात्र खटला असा हातातून जाताना बघवेना. "तरी भाऊजी, निष्काळजीपणा तर आहेच. त्याला वेगळं कलम—"

"कलमाचं मग बघू, साहेब," मेडिकलवाला म्हणाला. "आधी काकूंना डॉक्टरांकडे न्या, आणि सोबत सगळ्या बाटल्या न्या. एकूण एक. ताकदीच्यासुद्धा. मनाने काही बंद करू नका, काही वाढवू नका. आणि आता गोळी पोचायला लागली की वाढवलेली ताकद जास्त होईल, छाती धडधडेल. तेव्हा हे डॉक्टरांच्या कानावर आजच्या आज घाला."

एकजीवने खलबत्ता उचलला आणि घरी आला. मेव्हणा मागे मागे. घोषणावाली पलंगावर बसून होती, पायाशी अर्धी भरलेली बॅग. तो तिच्यासमोर खाली बसला आणि सगळं सांगितलं. विषाची कुजबुजसुद्धा.

"मीच म्हटलं होतं, एकदाच द्या," ती म्हणाली.

"तू नेहमीच काहीबाही म्हणतेस. मी ऐकायला नको होतं."

"आयुष्यात पहिल्यांदा ऐकलंत," ती म्हणाली. एकेक शब्द सावकाश, घोगरा, पण ओळखीचा. मग भावाकडे वळली. "मी नाही येत. ती बॅग रिकामी कर. आणि खलबत्ता माळ्यावर ठेव, वर जायची शिडी आहे तिकडे."

मेव्हणा वकिलाचा कारकून असला तरी शेवटी धाकटा भाऊ होता. चढला.

डॉक्टरांनी बाटल्यांची रांग टेबलावर मांडलेली बघितली आणि कपाळाला हात लावला. मॅग्नेशियम आणि जस्त कोणी दिलं, असं विचारलं. एकजीव म्हणाला, "बाकावरच्यांनी आणि शेठनी." डॉक्टरांनी ती दोन्ही बंद केली, थायरॉइडच्या गोळीची ताकद पुन्हा खाली आणली, ती सकाळी नुसत्या पाण्याबरोबर एकटीच, लोह दुपारी, कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर, असं बसवून दिलं आणि काही आठवड्यांनी रक्त तपासायला सांगितलं. "आणि यापुढे," ते म्हणाले, "ताकदीचं म्हणजे काय, ते नावानिशी सांगायचं."

गुण लगेच आला नाही. नाटकातल्यासारखं दुसऱ्या दिवशी उठून बसायला ती काही नटी नव्हती. आधी शाल गेली. मग ती दुपारी जागी राहू लागली. एकजीव रोज घरी येऊन कान देई. आणि रोज चमचा थोडा जोरात ठेवी, उगीच नशीब आजमावल्यासारखा.

दुकानात त्याने तो फळीवरचा डबा खाली काढला. शेठ म्हणाले, "टाकतोस काय? तुझं प्रवचन त्याच्यावरच चालतं." तो म्हणाला, "प्रवचन बंद." गल्ल्यावरची बाई म्हणाली, "राहू द्या की हो, शोभा आहे दुकानाची." शेवटी डबा परत फळीवर गेला, पण आता झाकण उघडताना एकजीव "दोघेही चांगल्या घरचे" याच्या पुढे काही बोलत नसे. गिऱ्हाइकाला वाटे, म्हातारा थकला.

आणि मग एका संध्याकाळी तो घरी आला, पाय धुतले, तोंड पुसलं आणि मुद्दाम नव्हे, खरोखरच विसरून, टॉवेल गादीवर टाकला. चहा ठेवायला वळला. पाठीमागून आवाज आला. अजून जरासा खरखरीत, पण शब्द न् शब्द सुटा.

"ओला टॉवेल पुन्हा एकदा गादीवर आलेला आहे. संबंधित गृहस्थ ऐकतायत का बहिरे झालेत?"

एकजीवने टॉवेल उचलला. दोरीवर टाकायच्या आधी त्याने तो पुन्हा एकदा तोंडाला लावला. समोरच्या खिडकीत दुर्बीण भांडी घासत होती. तिने हे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्याकडे नवी बातमी पोचली, की ती बरी झाल्यापासून नवऱ्याला इतकं छळते की बिचारा टॉवेल तोंडाला लावून रडतो. यात निम्मं खरं होतं. तिच्या बातम्यांच्या मानाने हे प्रमाण फारच चांगलं.

राहता राहिली ती पहिली कुजबुज. त्याने बायकोला विष दिलं नव्हतं. तो तिच्याच गोळ्या एकत्र कुटून, एकाच वेळी, दुधातून देत होता. त्यातल्या कॅल्शियमने आणि लोहाने थायरॉइडची गोळी तिच्या अंगी लागू दिली नाही, म्हणून ती आजारी पडली. गोळ्या वेगवेगळ्या वेळी दिल्यावर ती बरी झाली.